धोका ज्याचा, बातमी त्याची

१९८६ हे साल फारसं कुणी मुद्दाम आठवत नाही. १९८९ म्हटलं की बर्लिनची भिंत, १९९१ म्हटलं की सोव्हिएत संघाचा शेवट आणि आपलं नवं आर्थिक धोरण. १९८६ म्हटलं तर क्रिकेटवाल्यांना शारजात मियाँदादने चेतन शर्माला शेवटच्या चेंडूवर मारलेला षटकार आठवतो आणि फुटबॉलवाल्यांना मॅराडोनाचा तो हात. फिलिपिन्सच्या लोकांनी रस्त्यावर उतरून मार्कोसला पळवून लावलं ते याच वर्षी. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सिनेमा पाहून पायी घरी जाताना मारले गेले तेही याच वर्षी. ऑक्टोबरात रेक्याविकला रेगन आणि गोर्बाचेव्ह अण्वस्त्रं संपवण्याच्या गोष्टी करता करता रिकाम्या हाताने परतले. घटनांची टंचाई नव्हती.

मला मात्र त्या वर्षातले तीन अपघात शेजारी शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. २८ जानेवारीला अमेरिकेत चॅलेंजर यान फुटलं. २६ एप्रिलला सोव्हिएत युक्रेनमध्ये चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. १ नोव्हेंबरला स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ रसायनांचं एक गोदाम जळालं आणि ऱ्हाईन नदी लाल झाली. एक भांडवलशाही महासत्ता, एक साम्यवादी महासत्ता आणि जगातला बहुधा सर्वांत नीटनेटका देश. व्यवस्था तिन्ही तऱ्हेच्या, आणि तिन्ही ठिकाणी धोका कुणाला ना कुणाला आधीपासून ठाऊक होता.

यावरून नेहमी निघणारा निष्कर्ष असा, की वरिष्ठांनी कनिष्ठांचं ऐकायला हवं होतं. हा निष्कर्ष मला अपुरा वाटतो, थोडा भाबडाही. वर बसलेला माणूस ऐकेल या भरवशावर सुरक्षितता उभी करणं हीच मुळात गफलत आहे. धोक्याची बातमी ज्यांच्या जिवावर बेतणार आहे त्यांच्यापर्यंत थेट गेली पाहिजे, आणि ती मिळणं हा त्यांचा हक्क असला पाहिजे. वरच्याने मेहेरबानी म्हणून कळवलं तर कळवलं, अशी व्यवस्था काही कामाची नाही.

चॅलेंजरची हकीकत जरा सविस्तर सांगावी लागेल. यानाच्या दोन बाजूंना घन इंधनाचे जे बूस्टर असत ते तुकड्यांनी जोडलेले असत. जोडांमधून तापलेला वायू बाहेर फुटू नये म्हणून रबराच्या कड्या बसवलेल्या होत्या, त्यांना ओ-रिंग म्हणतात. थंडीत रबर ताठरतं आणि जोड किंचित उघडला तर फट चटकन भरून काढत नाही. यात काही गूढ नव्हतं. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतले अभियंते रॉजर बोजोले यांनी जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की याकडे लक्ष दिलं नाही तर माणसं मरतील. २७ जानेवारीच्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार असं कळलं, तेव्हा युटा, अलाबामा आणि फ्लोरिडा इथल्या माणसांची फोनवर बैठक झाली. अभियंते म्हणाले, १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका, त्याहून थंडीतला अनुभव आपल्याकडे नाही. नासाचे एक अधिकारी वैतागून म्हणाले, मग काय एप्रिलपर्यंत थांबायचं? कंपनीने आपसात बोलायला पाच मिनिटं मागितली. त्या पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. तेवढ्यात एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगितलं, अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. त्याने घातली. फ्लोरिडात हजर असलेले कंपनीचे अधिकारी ॲलन मॅकडोनाल्ड यांनी संमतिपत्रावर सही करायला नकार दिला, तेव्हा ती सही युटाहून दुसऱ्याकडून मागवली. सकाळी उड्डाणाच्या वेळी हवेचं तापमान जेमतेम २ अंश होतं. ७३ सेकंदांत खेळ संपला.

या गोष्टीतली टोपी जगभर गाजली. व्यवस्थापन शिकवणाऱ्या वर्गांत ती अजून सांगतात. माझं लक्ष मात्र त्या बैठकीत नसलेल्या माणसांकडे जातं. ज्या सात जणांना सकाळी त्या यानात बसायचं होतं, त्यांच्यापैकी एकालाही रात्री हा वाद झाल्याचं कुणी सांगितलं नाही. यानाचे कप्तान डिक स्कोबी मुरलेले वैमानिक होते. जोखीम कशाशी खातात हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. विचारलं असतं तर कदाचित 'उडू या' असंच ते म्हणाले असते. क्रिस्टा मॅकॉलिफ न्यू हॅम्पशायरमधल्या शाळेतल्या शिक्षिका, त्या कदाचित वेगळं काही म्हणाल्या असत्या. पण होकार असो की नकार, तो त्यांचा त्यांनी द्यायचा होता. तीन राज्यांतल्या फोनवर बसलेल्यांपैकी कुणाचाही जीव त्या रबराच्या कडीवर टांगलेला नव्हता.

चौकशी आयोग बसला. त्यातले पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी भर सुनावणीत रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला आणि तो प्रसंगही गाजला. आयोगाने म्हटलं की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत अभियंत्यांची हरकत पोचलीच नव्हती. मग सुधारणा झाल्या त्या बातमी वर नेण्याच्या वाटा रुंद करण्याच्या. त्या वाटांचं पुढे काय झालं ते भारतीयांना वेगळं सांगायला नको. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान उडताना इंधनटाकीवरच्या उष्णतारोधक फोमचा तुकडा त्याच्या पंखावर आदळला. काही अभियंत्यांना काळजी वाटली, त्यांनी यानाची छायाचित्रं मागवायची विनंती केली, ती वरून नाकारली गेली. कप्तानाला आणि वैमानिकाला अवकाशात एक ईमेल मात्र गेला : तुकडा आदळलाय खरा, पण चिंतेचं कारण नाही. खालच्यांच्या शंका त्या निरोपात नव्हत्या, वरच्यांचा दिलासा तेवढा होता. १ फेब्रुवारीला कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी परतीच्या वाटेवर गेले. सतरा वर्षांच्या अंतराने तीच संस्था, तोच प्रकार.

चेर्नोबिलबद्दल एवढं लिहिलं आणि दाखवलं गेलंय की त्या रात्रीचा प्रयोग पुन्हा सांगत बसत नाही. त्यातली एक गोष्ट तेवढी हवी. अणुभट्टी तातडीने बंद करायचं जे बटण होतं, ते दाबल्यावर खाली येणाऱ्या नियंत्रक दांड्यांच्या टोकांना ग्रॅफाइट होतं. त्यामुळे विशिष्ट परिस्थितीत भट्टी विझण्याआधी काही क्षण उलट भडकू शकत होती. हा दोष १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात दिसला होता. १९७५ मध्ये लेनिनग्राडच्या केंद्रात याच जातीच्या भट्टीत गंभीर बिघाड झाला होता. रचनाकारांना हे माहीत होतं, कागदोपत्री कळवाकळवीही झाली, पण भट्टी चालवणाऱ्यांच्या कार्यपद्धतीत ती सूचना उतरली नाही. त्यांच्या लेखी ते बटण म्हणजे शेवटचा आधार होता. २६ एप्रिलला पहाटे त्यांनी ते दाबलं. ऑगस्टमध्ये व्हिएन्नात सोव्हिएत शिष्टमंडळाने जगापुढे जो अहवाल ठेवला, त्यात दोषाचा मोठा वाटा चालवणाऱ्यांच्या माथी गेला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांना तो निवाडा १९९२ मध्ये दुरुस्त करावा लागला. तोवर तुरुंगवास व्हायचा त्यांना झाला होता आणि तो अहवाल मांडणारे वालेरी लेगासोव्ह यांनी १९८८ मध्ये आत्महत्याही केली होती.

स्फोटानंतरचे दिवस तर माझ्या मुद्द्याचे उघडे पुरावेच आहेत. केंद्राला लागून वसलेल्या प्रिप्यात शहरात सुमारे ४९ हजार लोक राहत. शनिवारी तिथल्या शाळा नेहमीसारख्या भरल्या. रविवारी दुपारी बसगाड्या आल्या आणि तीन दिवसांपुरतं सामान घ्या असं सांगितलं गेलं. सोमवारी सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुकेंद्रात एका कामगाराच्या बुटांवर किरणोत्सार सापडला, तेव्हा जगाला कळलं. वाऱ्यावर कुणाचा ताबा नव्हता म्हणून कळलं. मॉस्कोने त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवर चार ओळी वाचल्या. १ मे रोजी कीव्हमध्ये मिरवणूक निघाली आणि तीत शाळकरी मुलंही चालली. गोर्बाचेव्ह जनतेशी बोलले ते १४ मे रोजी.

आता शेजारचा पोलंड पाहा. तोही साम्यवादी देश, मॉस्कोच्याच गोटातला, आणि मॉस्कोने त्यालाही काही कळवलं नव्हतं. पण पोलंडच्या स्वतःच्या मोजणी केंद्रांनी हवेतला किरणोत्सार टिपला. २९ एप्रिलपासून काही दिवसांत तिथे सुमारे एक कोटी मुलांना आयोडीनचं द्रावण पाजलं गेलं, कारण किरणोत्सारी आयोडीन दुधावाटे मुलांच्या कंठग्रंथीत साठतं आणि आधीच साधं आयोडीन दिलं तर त्याला तिथे जागा उरत नाही. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत मुलं दूध पीत राहिली. पुढच्या वीस वर्षांत, त्या वेळी मुलं किंवा किशोर असलेल्यांमध्ये कंठग्रंथीच्या कर्करोगाचे ६ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. त्यात दूषित दुधाचा वाटा मोठा होता. या कर्करोगावर उपचार होतात आणि त्यातले बहुतेक वाचले, हेही सांगायला हवं. पण दूध आठवडा-दोन आठवडे टाळा, एवढं घरोघरच्या आईला कळवायला कुठलं तंत्रज्ञान लागत होतं?

तिसरा अपघात आपल्याकडे फार कमी माहीत आहे. शिकण्यासारखं सर्वांत जास्त मात्र त्यात आहे. बाझलजवळ श्वाइत्सरहाल इथे सांडोझ कंपनीच्या गोदामात १३०० टनांहून अधिक शेतीची रसायनं होती. १ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर आग लागली. ती विझवायला मारलेलं हजारो घनमीटर पाणी ती रसायनं घेऊन थेट ऱ्हाईनमध्ये उतरलं, कारण ते अडवायला गोदामाभोवती कुंडच नव्हतं. असं कुंड नाही, हे एका विमा कंपनीने १९८१ मधल्या पाहणीत लिहून ठेवलं होतं. बाझलकर पहाटे भोंग्यांनी जागे झाले, त्यांना खिडक्या लावून बसायला सांगितलं गेलं. खालच्या अंगाला जर्मनी, फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये इशारा वेळेत पोचला नाही. सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत नदीतल्या वाम माशांचा सडा पडला. बाझलच्या भिंतींवर शहराच्या नावाशी चेर्नोबिलचं नाव जोडून कुणी कुणी रंगवलं. त्या गदारोळात पाण्याची तपासणी कसून होऊ लागली, तेव्हा उघड झालं की आदल्या दिवशी दुसऱ्या एका कंपनीतून सुमारे ४०० लिटर तणनाशक नदीत सांडलं होतं. आग लागली नसती तर ते कळलंही नसतं.

पण इथून पुढची गोष्ट निराळी झाली. ऱ्हाईनचं पाणी लाखो लोक पितात. खालच्या अंगाच्या पाणीपुरवठा संस्थांना, विशेषतः डचांना, वरच्या अंगाला काय सांडलं हे कळण्यात जिवाचं स्वारस्य होतं आणि ते मागण्याचं बळही होतं. ऱ्हाईनकाठच्या देशांनी १९८७ मध्ये कृती कार्यक्रम आखला आणि २००० सालापर्यंत नदीत सामन मासा परत आणायचा असं उद्दिष्ट ठेवलं. बाझलपासून नेदरलँड्सपर्यंत इशारा देणाऱ्या केंद्रांची साखळी नीट बांधली. वरच्या केंद्राला काही आढळलं की ते खालच्या केंद्राला कळवतं. त्यासाठी कुठल्या मंत्र्याच्या परवानगीची वाट पाहायची नसते. जोडीला युरोपच्या रासायनिक सुरक्षा नियमांत १९८८ मध्ये दुरुस्ती होऊन साठवणुकीच्या जागाही कडक देखरेखीखाली आल्या. सामन मासे पुन्हा दिसू लागले. तीन अपघातांपैकी या एकातून बातमी आडवी, शेजाऱ्याकडे गेली, आणि नेमका याच ठिकाणी फरक पडला.

त्याच वर्षी २१ ऑगस्टला कॅमेरूनमध्ये न्योस सरोवराच्या तळाशी साचलेला कार्बन डायऑक्साइड एकाएकी उफाळला आणि रात्रीत सुमारे १७०० माणसं झोपेत गुदमरून मेली. दोन वर्षांपूर्वी मोनून सरोवराकाठी ३७ जण असेच गेले होते, पण त्याचा अर्थ अजून वैज्ञानिकांच्याही हाती पुरता लागला नव्हता. अशा वेळी कुणाला जाब विचारता येत नाही. म्हणूनच ज्या ठिकाणी माहीत होतं, त्या ठिकाणचं मौन जास्त गंभीर ठरतं.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा : अपघात झाल्यावर मागे वळून पाहिलं की इशारा देणारा एखादा कागद सापडतोच, पण जे इशारे पोकळ ठरले ते कुणी मोजत नाही. हा आक्षेप वजनदार आहे. प्रत्येक शंकेपायी यान थांबवलं तर एकही यान उडणार नाही. पण मी प्रत्येक शंका मान्य करा असं म्हणतच नाही. २७ जानेवारीच्या रात्री अभियंत्यांना 'असुरक्षित आहे हे सिद्ध करा' असं सांगितलं गेलं. एरवी 'सुरक्षित आहे हे सिद्ध करा' असा दंडक असे. हे ओझं उलटवण्याचा अधिकार कुणाला असावा, एवढाच माझा प्रश्न आहे. नासाचे व्यवस्थापक अपघाताची शक्यता लाखात एक सांगत आणि अभियंते शंभरात एक, असं फाइनमन यांनी नोंदवलं आहे. यानं एकूण १३५ वेळा उडाली आणि दोन गेली. हे दोन्ही आकडे प्रवाशांपुढे ठेवले असते तर कुठला खरा मानायचा ते त्यांनी ठरवलं असतं.

दुसरा आक्षेप घबराटीचा. लोकांना सांगितलं तर ते बिथरतील. याला उत्तर द्यायला लांब जायला नको, मुंबईतच एक प्रकरण घडलं आहे. चेर्नोबिलनंतर दुग्धविकास कार्यक्रमासाठी आयर्लंडहून मदत म्हणून सुमारे २०० टन लोणी मुंबई बंदरात उतरलं. त्यात किरणोत्सार असेल या शंकेने काही मुंबईकर उच्च न्यायालयात गेले आणि तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. न्यायालयाने एम. जी. के. मेनन, पी. के. अय्यंगार अशा नामवंत वैज्ञानिकांची समिती नेमली. समितीने लोणी खायला निर्धोक आहे असं सांगितलं आणि १९८८ मध्ये याचिका फेटाळली गेली. याचिकाकर्ते हरले, त्यांची भीती अनाठायी ठरली. त्यामुळे कुठे दंगल झाली नाही, कुणी दूध-लोणी खायचं सोडलं नाही. उलट तपासणी कुणी केली आणि मर्यादा काय होती, हे चार लोकांना कळलं. खरी घबराट 'सगळं आलबेल आहे' असं ऐकवल्यानंतर बसगाड्या दारात उभ्या राहतात तेव्हा होते.

आपल्या देशाने १९८६ मध्ये या प्रश्नाला थेट हात घातला होता, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. भोपाळ ताजं होतं. त्या कारखान्याबद्दल पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून लिहीत होते, पण त्या बातम्यांवर हलण्याची सक्ती कुणावर नव्हती. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला आणि वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी दोन महत्त्वाचे निकाल दिले. त्यातला २० डिसेंबरचा निकाल कायद्याचे विद्यार्थी तोंडपाठ करतात : घातक उद्योग करणाऱ्याची नुकसानभरपाईची जबाबदारी निरपवाद आहे. मला फेब्रुवारीतला निकाल जास्त मोलाचा वाटतो. कारखाना पुन्हा सुरू करायला परवानगी देताना न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने ज्या अटी घातल्या, त्यांत क्लोरीनचे परिणाम सांगणारे तक्ते हिंदी-इंग्रजीत लावा, कामगार संघटनांच्या प्रतिनिधींना सुरक्षा समितीत घ्या आणि वायू गळला तर आसपासच्या लोकांना कळवायला ध्वनिक्षेपक बसवा, अशा अटी होत्या. भरपाई मेल्यावर मिळते. ध्वनिक्षेपक जिवंतपणी ऐकू येतो.

१९८७ मध्ये कारखाना कायद्यात कलम ४१ब आलं. घातक प्रक्रिया चालवणाऱ्याने धोक्यांची आणि त्यावरच्या उपायांची माहिती कामगारांना, निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही दिली पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. कामगाराला येऊ घातलेल्या धोक्याबद्दल सावध करण्याचा हक्क देणारं कलमही त्याच दुरुस्तीतलं. २०२० च्या कामगार संहितेतही या तरतुदी आल्या. कागदावर आपण ऱ्हाईनच्या काठीच राहतो.

व्यवहारात डोंबिवलीला जाऊन पाहा. तिथल्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, मे २०२४ मध्ये पुन्हा झाला, दोन्ही वेळा माणसं गेली आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. मधल्या काळात, २०२० च्या फेब्रुवारीत, तिथला एक रस्ता चक्क गुलाबी झाला होता. वसाहतीला खेटून राहणाऱ्या माणसाला विचारा, तुमच्या भिंतीपलीकडे काय साठवलंय? तो वासावरून अंदाज सांगेल. प्रत्येक स्फोटानंतर कारखाने हलवण्याची घोषणा होते. हलवायचे तर हलवा, पण जिथे न्याल तिथेही शेजारी असतीलच.

अणुऊर्जेत तर बातमी आडवी न जाऊ देणं हा कायद्याचाच भाग होता. अणुऊर्जा नियामक मंडळाने १९९५ मध्ये आपल्या केंद्रांमधल्या सुमारे १३० सुरक्षाविषयक त्रुटींचा अहवाल तयार केला. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी नंतर त्याबद्दल जाहीरपणे लिहिलं. पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना आणि मुंबई सर्वोदय मंडळ यांनी तो अहवाल मिळावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सरकारने १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याचं कलम १८ पुढे केलं, याचिका फेटाळली गेली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारची बाजू उचलून धरली. राष्ट्रीय सुरक्षेसाठी काही गोष्टी गुप्त असाव्या लागतात हे मला मान्य आहे. पण वीज बनवणाऱ्या केंद्रातला पंप कुठे गळतो हे शत्रूला कळेल म्हणून शेजारच्या गावाला सांगायचं नाही, हा युक्तिवाद प्रिप्यातमध्येही चालला असता.

म्हणून जैतापूरच्या अणुप्रकल्पाला विरोध करणाऱ्या, राजापूर तालुक्यातल्या माडबन आणि साखरी नाट्याच्या लोकांना 'विकासविरोधी' म्हणून झटकणाऱ्यांशी माझं पटत नाही. मी स्वतः अणुऊर्जेच्या विरोधात नाही. कोळशाच्या धुराने मरणाऱ्यांचा हिशेब मांडला तर अणुवीज बऱ्याच कसोट्यांवर बरी ठरते. पण जैतापूरला सहा भट्ट्या मिळून ९९०० मेगावॅटचा प्रकल्प उभा करायचा असेल, तर समुद्रात किती तापमानाचं पाणी सोडणार, रोजची किरणोत्साराची मोजणी कुठे दिसणार आणि बिघाडाची नोंद किती तासांत गावात लागणार, हे करारातच लिहिलेलं हवं, आणि मोजणीची यंत्रं ग्रामपंचायतीच्या ताब्यात हवीत. पोलंडकडे स्वतःची यंत्रं होती म्हणून मुलांना वेळेत आयोडीन मिळालं. डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे इथल्या प्रत्येक वसाहतीच्या फाटकावरही रसायनांचे तक्ते मराठीत लागायला हवेत : काय, किती, गळलं तर कुठल्या दिशेला पळायचं. यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम आहे, नियम आहेत, रंगारीही आहेत. व्यापारी गुपित फुटेल अशी तक्रार कंपन्या करतील. त्यांनी सूत्र सांगू नये. पिंपात काय आहे तेवढं सांगावं.